मिरामारच्या शर्यतीआधीचा एक्स्पो: आधी काय, मग काय, आणि काय मुळीच नाही

आयर्नमॅन ७०.३ गोवा ही शर्यत २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. शर्यत रविवारी सकाळी असते, पण ती खरी सुरू होते एक्स्पोतल्या, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या बाजारातल्या, नोंदणीच्या टेबलापाशी. तिथे ओळखपत्र दाखवून, सह्या करून मनगटाला पट्टा बांधून घेतला नाही, तर रविवारी पाण्यात उतरता येत नाही. ऐनवेळी सकाळी जाऊन बिब (अंगावर लावायचा क्रमांक) मागण्याची सोय अशा शर्यतींत नसते, आणि मित्राला पाठवून किट मागवताही येत नाही.

एक्स्पोत इतरही खूप काही असतं: बूट, गॉगल, जेल (शर्यतीत ऊर्जेसाठी खायची पातळ पुडी), सायकली, मोफत चवी, मालिश, फोटोच्या कमानी. हे सगळं बघावं, पण ठरलेल्या क्रमाने. आधी नोंदणी, मग सायकल, शेवटी खरेदी. सायकलीतला बिघाड शुक्रवारी दुपारी कळला तर दुरुस्त होतो. शनिवारी संध्याकाळी कळला तर नशिबावर सोडावा लागतो. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने फिरतात, म्हणून शनिवारी मेकॅनिकपुढे रांग लागते आणि बुटांचे स्टॉल ओस पडतात.

कधी जायचं

शक्यतो शुक्रवारी, दारं उघडतात त्या वेळेला. शनिवारी सायकल रॅकवर लावायची असते, म्हणून त्या दिवशी गर्दी दुप्पट. त्यातच मुंबई-पुण्याहून रात्रीच्या बसने येणारे सगळे शनिवारी सकाळी पोचतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पणजीत दुपारी पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि दमटपणा वेगळाच. तंबूत दोन तास उभं राहिलं तरी पाय जड होतात आणि अंगातलं पाणी निघून जातं. एक्स्पोसाठी एकूण दोन ते अडीच तास धरा, सोबत एक लिटर पाणी ठेवा, बसायला मिळेल तिथे बसून घ्या. ज्यांना जमतं त्यांनी नोंदणी एका दिवशी आणि खरेदी दुसऱ्या दिवशी करण्याचा मोह टाळावा. दोन फेऱ्या म्हणजे दुप्पट चालणं.

एक्स्पोची जागा आणि शर्यतीची जागा एकच असेल असं गृहीत धरू नका. आयोजकांच्या खेळाडू-पुस्तिकेत पत्ता आणि वेळा दिलेल्या असतात. ती पुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण गर्दीत नेट रडतं. त्याच कारणाने थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या. यूपीआय अडकलं की रांग तिथेच थांबते.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. तिकिटावर कोणता आहे ते दोनदा बघा. रेल्वेने येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी सगळ्यात जवळ, त्यानंतर थिवी; मडगावला उतरलात तर पणजी आणखी तासभर दूर. सायकलची पेटी साध्या टॅक्सीच्या डिकीत बसत नाही, आणि स्टेशनबाहेर उभं राहून मोठी गाडी शोधण्यात तास जातो. मागची सीट पूर्ण आडवी होणारी गाडी मुक्कामाच्या मालकाकडून आधीच ठरवून घ्या. कोल्हापूर-सांगलीहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी आंबोली किंवा चोर्ला उतरताना मागच्या कॅरिअरवरच्या सायकलीला निदान साखळी आणि हँडलपाशी झाकण बांधावं. परतीच्या पावसाची सर त्या घाटांत कधीही गाठते आणि ओली साखळी दमट हवेत रात्रीतून गंज धरते.

पणजीत पोचल्यावर एक्स्पोला जाण्यासाठी भाड्याची दुचाकी किंवा कदंबची बस बरी. मिरामारला शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

नोंदणीच्या टेबलावर

सोबत हवं ते एवढंच: मूळ छायाचित्र ओळखपत्र (फोनमधला फोटो काही ठिकाणी चालत नाही), नोंदणीचा कोड किंवा ईमेल, आणि मागितलं असल्यास वैद्यकीय कागद. रिले संघ असेल तर तिघांनीही एकदम यावं. एक जण उशिरा आला की संघाचं किट अडकतं.

किट हातात आलं की तिथेच, टेबल सोडण्याआधी उघडा. बिबवरचा क्रमांक, स्टिकरवरचा क्रमांक आणि पिशव्यांवरचा क्रमांक एकच आहे का? स्विम कॅप तुमच्या गटाच्या रंगाची आहे का? वेळ मोजणारी चिप आत्ता मिळणार की सायकल लावताना? पिशव्या किती? आयर्नमॅनच्या प्रथेप्रमाणे निळी सायकलसाठी, लाल धावण्यासाठी आणि पांढरी शर्यतीनंतरच्या कपड्यांसाठी, पण दरवर्षी फरक असू शकतो, म्हणून विचारूनच घ्या. क्रमांकाची चूक तिथे दोन मिनिटांत सुधारते. रविवारी ती निकालातून नाव गायब होण्याचं कारण ठरते.

मनगटाचा पट्टा बांधताना एक बोट आत जाईल इतका सैल ठेवायला सांगा, पण तळव्यावरून निसटणार नाही एवढा घट्ट. उन्हात हात सुजतात आणि पट्टा रुततो. शर्यत संपल्यावरही तो लगेच कापू नका. सायकल परत घेताना पट्ट्याचा आणि सायकलचा क्रमांक जुळवूनच ती हातात देतात.

स्टिकर लावायचं काम खोलीवर, पंख्याखाली करा. सायकलचं स्टिकर सीटपोस्टला, हेल्मेटचं समोर आणि दोन्ही बाजूंना. हेल्मेट आधी कोरड्या कापडाने पुसा. घामाच्या थरावर स्टिकर टिकत नाही. अंगावरचे क्रमांकाचे टॅटू असतील तर ते सनस्क्रीन लावण्यापूर्वी, साबणाने धुतलेल्या कोरड्या त्वचेवर चिकटवायचे. इथल्या दमट हवेत तेलकट त्वचेवरचा टॅटू पोहून बाहेर येईपर्यंत निम्मा निघून गेलेला असतो.

नियमांच्या बैठकीला बसाच. पुस्तिका वाचली असली तरी शेवटच्या क्षणाचे बदल तिथेच सांगतात: वाऱ्यामुळे बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) सरकवला, रस्त्याचं काम निघालं, वळण बदललं. कान देऊन ऐकायच्या गोष्टी चार: पाण्यातले बोये कोणत्या हाताला ठेवायचे, सायकलच्या किती फेऱ्या, पाण्याचे टेबल कुठे कुठे, आणि दंड कशाला. मागे-मागे चालवण्याच्या नियमात पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर हवं. गर्दीच्या रस्त्यावर हाच दंड सगळ्यात जास्त होतो. जागतिक स्पर्धेची जागा मिळण्याची थोडीही शक्यता असेल तर तिच्या वाटपाची वेळ आणि जागा इथेच विचारून ठेवा. नाव पुकारलं की स्वतः हजर राहून तिथल्या तिथे पैसे भरावे लागतात. हॉटेलवर झोपलेल्याची जागा पुढच्याला जाते.

एक्स्पोत सगळ्या खेळाडूंची नावं लिहिलेली भिंत असते. तिथे आपलं नाव शोधायला वेळ द्या. महिनोन्‌महिने पहाटे उठून कमावलेलं ते आहे, आणि घरच्यांना तो फोटो हवाच असतो.

सायकल: मेकॅनिककडे काय घेऊन जायचं

मेकॅनिकला “जरा सगळं बघून घ्या” म्हणू नका. त्याच्यापुढे पन्नास सायकली असतात आणि “सगळं” म्हणजे तो फक्त साखळीला तेल घालून देतो. पोचल्या पोचल्या खोलीवर सायकल जोडा, वीस मिनिटं दोनापावलाच्या रस्त्यावर चालवा, प्रत्येक गिअर लावून बघा, जोरात ब्रेक दाबा. मग नेमकी तक्रार घेऊन जा: “मागच्या तिसऱ्या दात्यावर साखळी उडते”, “ब्रेक दाबला की घासल्याचा आवाज येतो”.

प्रवासात सगळ्यात जास्त मार खातो तो डीरेल्युअर हँगर, म्हणजे मागच्या गिअरचा हात जिथे फ्रेमला लागतो तो बोटाएवढा धातूचा तुकडा. तो मुद्दाम मऊ बनवलेला असतो, आघात झाला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. पेटी उजव्या बाजूवर पडली की तो आत वळतो. तपासायला सायकलच्या मागे बसा आणि डोळा मागच्या गिअरच्या उंचीला आणा. साखळीची दोन लहान चाकं आणि त्यांच्या वरचा कॅसेटचा, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या संचाचा, दाता एकाच उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. खालचं चाक आत, आरीच्या तारांकडे झुकलेलं दिसलं की हँगर वाकलाय. अशा सायकलवर चढाला सर्वात मोठा दाता लावला तर गिअरचा हात तारांत अडकून तुटतो, आणि शर्यत तिथेच संपते. मेकॅनिककडे हँगर सरळ करायचं माप असतं. पाच-दहा मिनिटांचं काम. मात्र आधी कधी सरळ केलेला हँगर पुन्हा वाकवला तर मोडू शकतो. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत आणि तुमच्या फ्रेमचा एक्स्पोत मिळणं जवळपास अशक्य, म्हणून घरून निघतानाच एक जादा हँगर टेपने फ्रेमला चिकटवून आणा.

डिस्क ब्रेक असेल आणि प्रवासात चाक काढलेलं असताना कोणी लिव्हर दाबला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. चपट्या, स्वच्छ टायर-लिव्हरने ते हळूच मागे ढकलता येतात; स्क्रूड्रायव्हर घातला तर पॅडला चरे पडतात. पुढच्या वेळी पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी ठेवा.

डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. घाईत ते चुकीच्या दिशेने फिरवून क्रँकचे आटे खराब करणारे दरवर्षी भेटतात. स्टेम आणि सीटपोस्टचे बोल्ट टॉर्क पान्यानेच घट्ट करा. कार्बनसाठी मर्यादा बहुतेकदा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असते आणि ती भागावरच छापलेली असते. पाना नसेल तर एक्स्पोत मागा, कोणीही देतं. हँडलच्या उघड्या टोकांना बुचं आहेत ना ते पाहा. बुचाशिवाय सायकल तपासणीत अडते, आणि पडल्यावर ती उघडी नळी खरोखर मांसात घुसते, म्हणून नियम योग्यच आहे.

सुटे भाग, तेवढे मात्र घ्या

विमानाने आलेल्यांचे हवा भरायचे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर सुरक्षा तपासणीत काढून घेतले जाण्याची शक्यता मोठी. म्हणून ते एक्स्पोतच घ्यावेत: १६ ग्रॅमचे निदान दोन. तुमच्या हवा भरायच्या नळीला आटे असलेले सिलिंडर लागतात की बिनआट्याचे, हे नळी सोबत नेऊनच ठरवा. २५ मिमी टायरला १६ ग्रॅम पुरतो. २८ मिमीला थोडा कमी दाब मिळतो, पण घरी पोचायला चालतो. हा वायू रबरी ट्यूबमधून लवकर झिरपतो. सरावात वापरला असेल तर दुसऱ्या दिवशी तो सोडून साध्या पंपाने हवा भरा.

ट्यूब घेताना रुंदीपेक्षा व्हॉल्व्हची लांबी चुकते. ५० मिमी खोल रिमला ४८ मिमीचा व्हॉल्व्ह बाहेरच येत नाही. निदान ७०-८० मिमीचा हवा. ट्यूबलेस वाल्यांनी सीलंट किती राहिलंय ते बघावं. उष्ण हवेत ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, आणि चाक हलवून आत खळखळ ऐकू आली नाही तर नवं घालायची वेळ झाली.

मीठ आणि साखर: इथे हिशेब हवा

गोव्यात शर्यत बिघडते ती बहुतेक वेळा दमट हवेमुळे. घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. एक्स्पोत जेल आणि गोळ्यांचे स्टॉल भरपूर असतात. चव आवडली म्हणून विकत घेण्याऐवजी कागदावर हिशेब करून जा.

समजा ताशी २८ किमीने ९० किमीला सव्वातीन तास लागणार. ताशी ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट धरलं तर सुमारे १९५ ग्रॅम. एका बाटलीत ८० ग्रॅमची पावडर आणि २५ ग्रॅमची पाच जेल, झाले २०५. धावण्यासाठी आणखी तीन-चार जेल. ताशी ६० पेक्षा जास्त घ्यायचं असेल तर माल्टोडेक्स्ट्रिनसोबत फ्रुक्टोज असलेलंच घ्या, कारण नुसतं ग्लुकोज आतड्यातून ताशी ६० च्या वर फारसं जात नाही. उरलेलं पोटात राहून मळमळ करतं. जेलवर किती ग्रॅम लिहिलंय ते वाचा, कारण एक पुडी २० ग्रॅमची तर दुसरी ४० ची असते. कॅफिन असलेलं जेल नकळत घेतलं जातं. तेही लेबलवर लिहिलेलं असतं. फास्ट अँड अप, युनिव्ड यांच्यासारखी भारतीय नावं आता सहज मिळतात, तेव्हा सरावात जे पचलंय तेच घ्या. नव्या चवीचा नमुना घ्यायचा असेल तर घ्या, पण तो घरी नेण्यासाठी.

सोडियमचं माणसामाणसात खूप अंतर पडतं. घामाच्या एका लिटरमागे कोणाचं ४०० मिग्रॅ जातं, कोणाचं १,५०० च्या पुढे. टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर तुम्ही दुसऱ्या टोकाकडचे. घाम किती जातो हे घरी मोजून यावं: तासभर धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा, मधे प्यायलेलं पाणी मिळवा, एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर. गोळ्यांच्या नळ्यांची तुलना किमतीवरून नको, एका गोळीत सोडियम किती मिलिग्रॅम यावरून करा. ‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेल्या काही गोळ्यांत ते नावापुरतंच असतं.

कमी पैशांतला उपाय औषधाच्या दुकानात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी एक लिटर पाण्यात घातली की सुमारे १,७०० मिग्रॅ सोडियम आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज मिळतं. मिठाचा भाग त्याने भागतो, ऊर्जेचा नाही. खोक्यातली गोड फळपेयं मात्र ओआरएस नव्हेत. २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली.

गॉगल, कपडे, बूट

वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या) स्टॉलपाशी थांबू नका. त्या दिवसांत इथलं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, आणि वयोगटातल्या (व्यावसायिक नसलेल्या) खेळाडूंसाठी वेटसूटची नेहमीची मर्यादा २४.५ अंश.

गॉगल मात्र विचार करून घेण्यासारखा. मिरामार पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे किनाऱ्याकडे परत पोहताना उगवता सूर्य थेट डोळ्यांत. गडद किंवा आरशाच्या काचेचा गॉगल हवा. तपासताना पट्टा डोक्यामागे न घालता नुसत्या वाट्या डोळ्यांवर दाबून हात सोडा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिल्या तर चेहऱ्याला जमतात. लगेच पडल्या तर पट्टा कितीही आवळला तरी पाणी शिरणारच. नवा गॉगल घेतलाच तर शनिवारी सकाळच्या अधिकृत सराव-पोहण्यात वापरा, आणि सराव जीवरक्षक हजर असतानाच करा. मांडवीचं मुख बाजूलाच आहे, आणि ओहोटीला पाणी बाहेर ओढतं. पावसाळ्यानंतर जेलीफिशही असतात. डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन वैद्यकीय तंबू गाठा.

ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत घालायचा एकच पोशाख) घालून बघताना हात वर करा, उकिडवे बसा, हँडलवर वाकल्यासारखं वाका. कोरड्यात किंचित घट्ट हवा, भिजल्यावर तो सैल होतो. बाह्या असलेला आणि फिकट रंगाचा असेल तर खांदे भाजत नाहीत. पण तो या रविवारी घालू नका. काखेत आणि मांड्यांत शिवण कुठे घासते ते खाऱ्या पाण्यातून निघून तीन तास सायकल चालवल्यावरच कळतं.

बुटांचंही तेच. पाय दुपारनंतर फुगतात, म्हणून माप संध्याकाळी, धावायचे मोजे घालून घ्या आणि अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. सूट खरंच चांगली असते, तेव्हा पुढच्या मोसमासाठी घ्या. खोगीर, क्लीट (बुटाला पेडलशी जोडणारा तुकडा), एअरोबार (पुढे वाकून धरायचे दांडे) या रविवारसाठी अजिबात बदलू नका. महागडी वस्तू घेताना जीएसटीचं बिल मागा. त्याशिवाय हमीचा दावा उभा राहत नाही.

स्पर्धेत नसलेल्या गोवेकरांनीही एक्स्पोला यावं. एरवी एवढ्या प्रकारच्या सायकली एका जागी बघायला मिळत नाहीत, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी खेळाडू कोणत्याही प्रश्नाचं उत्तर आनंदाने देतो.

शनिवारी सायकल लावताना

सायकल वाळूतून ढकलत नेऊ नका, उचला. साखळीत शिरलेली मिरामारची वाळू शंभर किलोमीटर कुरकुरत राहते. रॅकवर लावल्यावर टायरमधली थोडी हवा सोडा. उन्हात आतली हवा प्रसरण पावते आणि आधीच दुबळी झालेली ट्यूब फुटते. सोपा गिअर लावून ठेवा. रात्री दव पडतं, कधी गडगडाटी सरही येते, म्हणून हँडल, संगणक आणि खोगीरावर प्लास्टिकची पिशवी बांधा. पूर्ण सायकल झाकायला बहुधा परवानगी नसते. बूट आणि मोजे पिशवीच्या आत आणखी एका पिशवीत ठेवा. जेल रात्रभर तिथे सोडू नका, मुंग्या लागतात.

आपली रांग ओळखायला झेंड्याची किंवा झाडाची खूण धरा, पाण्याच्या दारापासून आपल्या रॅकपर्यंत एकदा चालून बघा. मग जेवायला जा. पणजीत मासळीची थाळी मोहात पाडते, ती रविवारी रात्रीसाठी राखून ठेवा. शनिवारी उकड्या तांदळाची पेज, भात-वरण, पाव असं साधं. रविवारी पहाटे दाब मोजायचा पंप स्वतःचा न्या, नाहीतर शेजाऱ्याकडे आधीच सांगून ठेवा. त्या वेळी ट्रान्झिशनमध्ये (सायकली लावलेल्या आवारात) एकाच पंपामागे दहा जण उभे असतात, आणि हवा भरल्यावर साखळीला एक थेंब तेल लावायला विसरू नका.